गटाचे सादरीकरण : सांधा कुठे निखळतो?
चौघांनी आपापला भाग चोख पाठ करूनही सादरीकरण एकसंध का वाटले नाही, या प्रश्नाबाबत माझा अनुभव मांडतो. विद्यापीठातील आमच्या सादरीकरणात मी उभा राहताच जी व्याख्या सांगितली, तीच मैत्रिणीने अर्ध्या मिनिटापूर्वी सांगितली होती. शेजारी असूनही मला ती ऐकू आली नाही, कारण मी मनात स्वतःचे पहिले वाक्य घोळवत होतो. आपली पाळी येण्याच्या लगेच आधी इतरांनी उच्चारलेले शब्द फारसे लक्षात राहत नाहीत, हे संशोधक माल्कम ब्रेनर यांनी १९७३ मध्ये प्रयोगाने दाखवले आहे. म्हणून तालमीत (जी आम्ही केलीच नव्हती) प्रत्येकाने आधीच्या वक्त्याचे शेवटचे वाक्यही पाठ करावे आणि तिथूनच आपला धागा उचलावा, असे मला वाटते.