स्वादुपिंडाच्या कॅन्सरवर सोसायटीत कार्यक्रम करायचाय, लॅबचं पॅकेज घेऊ का?

धायरीकर
मंडळी जरा सल्ला हवाय. आमच्या सोसायटीतले एक काका उन्हाळ्यात गेले, स्वादुपिंडाचा कॅन्सर, म्हणजे पॅन्क्रियाज, पर्रीकरांना झाला होता तोच. कळलं तोवर लिव्हरमधे पसरलेला. आता ज्येष्ठ नागरिक संघ आणि आम्ही काही जण मिळून नोव्हेंबरमधे काहीतरी करायचं म्हणतोय, या कॅन्सरच्या जनजागृतीचा महिनाच असतो तो आणि तिसऱ्या गुरुवारी जागतिक दिवस (गुरुवारी आमच्याकडे पाणी बंद असतं, लोक आधीच वैतागलेले, पण असो). एक लॅबवाला म्हणतोय क्लबहाऊसमधे शिबिर घ्या, सीए १९-९ (या कॅन्सरसाठीची रक्ततपासणी) सकट पॅकेज स्वस्तात लावतो. सेक्रेटरी एकदम खूश, मला मात्र काहीतरी खटकतंय. घ्यावं का?

रिटायर्ड_सिस्टर
नको रे बाबा. ती टेस्ट धडधाकट माणसांची करायची नसतेच, ट्रीटमेंट चालू असलेल्या पेशंटवर लक्ष ठेवायला असते. साधा पित्ताचा खडा नळीत अडकला तरी सीए १९-९ वाढतं, पॅन्क्रियाजला सूज असली तरी वाढतं, आणि काही लोकांच्या अंगात ते तयारच होत नाही, म्हणजे कॅन्सर असूनही रिपोर्ट नॉर्मल. एकाच्या जिवाला उगाच घोर आणि दुसरा रिपोर्ट फाईलला लावून निवांत. सरसकट सगळ्यांची करावी अशी टेस्ट या कॅन्सरला अजून नाहीच. घरात जवळच्या दोघा-तिघांना झाला असेल त्यांनी मात्र थेट तज्ज्ञांना गाठावं, त्यांची तपासणी वेगळी असते.
तुम्ही लक्षणं सांगा. डोळे पिवळे, लघवी कोऱ्या चहासारखी, संडास पांढरट, अंगाला खाज, आणि पोटात दुखत मात्र काही नाही. गाठ स्वादुपिंडाच्या डोक्याकडे असली की पित्ताची नळी दाबली जाते म्हणून हे होतं. दुखत नाही म्हणून माणूस गाफील राहतो, आणि ऑपरेशन होण्यासारखं असतं ते बरेचदा याच टप्प्यावर.

पेठेतला_आगाऊ
सिस्टर अगदी बरोबर, पण काविळ म्हटलं की आपली माणसं आधी डॉक्टरकडे जातात कुठे? कोणीतरी सांगतं अमुक गावात नाकात औषध सोडतात, तमुक ठिकाणी माळ घालतात. ती माळ रोज लांब होते म्हणजे काविळ उतरतेय म्हणे. अहो काड्या वाळून बारीक होतात, गाठी सैल पडतात, म्हणून लांबते, खुंटीला टांगून ठेवली तरी लांबेल! व्हायरल काविळ आपोआप बरी होते आणि नाव माळेचं होतं. इथे मात्र नळी दाबलेलीच राहते आणि महिना हातचा जातो. धायरीकर, तुमचा कार्यक्रम पन्नाशीच्या पुढच्या काविळीवरच करा, बाकी भाषण कोणी ऐकत नाही.

मुक्ता_हडपसर
नुसत्या काविळीवर नको प्लीज. माझ्या बाबांना काविळ झालीच नाही, गाठ स्वादुपिंडाच्या शेपटीकडे होती. साठीनंतर एकदम शुगर निघाली, घराण्यात कोणाला नाही, वजन उतरायला लागलं तर सगळे म्हणाले वा काका डाएट मानवलं. घड्याळ मनगटावरून पार कोपराकडे सरकायचं. पाठ दुखायची म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडे चकरा, पाठ वाकून बसलं की बरं वाटायचं त्यांना. संडास तेलकट, फ्लश केला तरी तरंगणारी, हे त्यांनी लाजेपोटी आम्हाला खूप उशिरा सांगितलं. सोनोग्राफी केली तर रिपोर्टमधे एक ओळ, गॅसमुळे पॅन्क्रियाज नीट दिसलं नाही. ती ओळ घरात कोणी वाचलीच नाही, कारण खाली बाकी सगळं नॉर्मल. शेवटी सीटी स्कॅनमधे सापडलं. कार्यक्रमात एवढं तरी सांगा की अशी ओळ असेल तर डॉक्टरला विचारा पुढे सीटी करायचा का.

बावधन_बुवा
अहो असं सांगितलंत तर प्रत्येक पाठदुखीवाला उद्या सीटी मागेल. पुण्यात शुगर कोणाला नाहीये?

रिटायर्ड_सिस्टर
बुवा, नव्यानं शुगर निघालेल्या बहुतेकांना कॅन्सर नसतो हे खरंच, तेही सांगायचंच. पण पन्नाशीनंतर नवी शुगर *आणि* वजन न प्रयत्न करता घटतंय, अशी जोडी दिसली तर फॅमिली डॉक्टरला तसं स्पष्ट बोलून दाखवायचं, बास. आणि टपरीवरच्या मंडळींना सांगा, सिगारेट ओढणाऱ्याला याचा धोका साधारण दुप्पट असतो, तंबाखू म्हटलं की सगळ्यांना फक्त तोंड आणि फुप्फुस आठवतं.

पेठेतला_आगाऊ
भाषणापेक्षा मेडिकलवाल्याला धरा. लिव्हरचं टॉनिक, खाजेचं मलम, गॅसच्या गोळ्या मागायला माणूस आधी त्याच्याकडेच जातो. काउंटरवर पाटी लावू द्या, मजकूर मी देतो: "डोळे पिवळे दिसत असल्यास टॉनिक मागू नये. आधी डॉक्टरांस दाखवावे. माळ आमचेकडे मिळत नाही."

धायरीकर
😂 पाटी फायनल. लॅबवाल्याला नाही म्हणून कळवलं, सेक्रेटरी रुसलेत. मुक्ताताई, ती सोनोग्राफीच्या ओळीची गोष्ट तुम्ही स्वतः येऊन सांगाल का? जमत नसेल तर लिहून द्या, मी वाचून दाखवेन.

मुक्ता_हडपसर
येते. फक्त संध्याकाळी सातनंतर ठेवा, हडपसरहून धायरी म्हणजे ट्रॅफिकमधे अर्धा जन्म जातो.