मोतीबिंदू: मोनोफोकल घेऊ की मल्टिफोकल?

शिलाईवाली:
उजव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या मंगळवारी. वय ६३, ब्लाऊज शिवते. डॉक्टर विचारतात, लेन्स कुठली बसवू? मल्टिफोकल, म्हणजे लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणारी, तिला चाळीसेक हजार जास्त. मुलगा म्हणतो, "आई, भारीतलीच घे." मला सुईत दोरा ओवता आला पाहिजे. टीव्ही काय, ऐकूनही कळतो.

निवृत्त ड्रायव्हर:
ताई, माझी मल्टिफोकल. पेपर बिनचष्म्याचा वाचतो. पण रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती कडी दिसतात, चंद्राला खळं पडतं तशी. सवय झाली, गेली मात्र नाहीत. घाटात रात्री आता मुलगाच चालवतो.

मुद्रितशोधक:
मोनोफोकल एकाच अंतरावर नेमकं दाखवते. बहुतेकांना लांबचं ठेवतात, मग वाचायला चष्मा. मी सांगून जवळचं ठेवलं. रस्त्यावर चष्मा लावते. तुम्ही मशीनवर बसा, डोळ्यापासून सुईपर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि तो आकडा डॉक्टरांना द्या. सिलिंडरचा नंबर (बुबुळाची गोलाई असमान असल्याने येणारा) असेल तर तो भरून काढणाऱ्या टोरिक लेन्सचंही विचारा.

शिलाईवाली (तीन आठवड्यांनी):
मोजलं, १६ इंच. मोनोफोकल, जवळची. ड्रॉप्स चालू आहेत. दोरा पहिल्या फटक्यात ओवला! पण गंमत ऐका. मी जे मोतिया रंगाचं समजत होते, ते दोऱ्याचं रीळ पांढरंशुभ्र निघालं. उजवा झाकून डाव्याने बघितलं, तर पुन्हा चहा सांडल्यासारखं. इतके दिवस गिऱ्हाइकांची अस्तरं कशी मॅच केली, देव जाणे. आणि जिना उतरताना दोन डोळ्यांचा मेळ बसत नाही, कठडा धरते. डावा पुढच्या महिन्यात.