माजी सैनिकांची पेन्शन, सरकारच्या मुदती आणि युद्धसज्जता: गाडी नक्की कुठे अडते?

सह्यकडा (धागाकर्ता)

संरक्षण खात्याच्या अर्थसंकल्पाचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "एवढी पेन्शन वाटल्यावर विमानं कुठून घेणार?" २०२५-२६ ची तरतूद बघा: एकूण ६.८१ लाख कोटी, त्यात निवृत्तिवेतन १,६०,७९५ कोटी आणि भांडवली खर्च (विमानं, तोफा, जहाजं अशी खरेदी) १.८० लाख कोटी. आकडे खरे आहेत. पण हा युक्तिवाद सरकारच्या पथ्यावर पडतो. पेन्शन का रखडली असं विचारलं की सज्जतेचं कारण पुढे येतं, आणि सज्जतेबद्दल विचारलं की पेन्शनचं. उत्तर कशाचंच मिळत नाही.

वन रँक वन पेन्शनचा (ओआरओपी: हुद्दा आणि सेवा सारखी तर पेन्शन सारखी, निवृत्ती कधीचीही असो) प्रवास पाहा. ७ नोव्हेंबर २०१५ चा आदेश, लागू १ जुलै २०१४ पासून, आणि दर पाच वर्षांनी फेरनिश्चिती. म्हणजे पुढची फेरनिश्चिती १ जुलै २०१९ ला. ही तारीख सरकारनेच ठरवलेली. १६ मार्च २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने धोरण वैध ठरवलं आणि फेरनिश्चिती करून तीन महिन्यांत थकबाकी द्या असं सांगितलं. मग मुदतवाढ, पुन्हा मुदतवाढ, आणि मंत्रिमंडळाची मंजुरी डिसेंबर २०२२ मध्ये. २० जानेवारी २०२३ ला खात्याने परस्पर पत्र काढलं की थकबाकी चार सहामाही हप्त्यांत मिळेल. न्यायालयाने ते मागे घ्यायला लावलं आणि २० मार्चला स्वतःच तारखा आखून दिल्या: कुटुंब निवृत्तिवेतनधारक आणि शौर्यपदकधारकांना ३० एप्रिलपर्यंत, सत्तरी ओलांडलेल्यांना ३० जूनपर्यंत, बाकीच्यांना फेब्रुवारी २०२४ पर्यंत तीन हप्त्यांत.

साडेतीन वर्षं तारीख उलटून गेली, पण त्यासाठी कुणाला जाब विचारला गेला का? माझं म्हणणं एवढंच: प्रत्येक दाव्यावर प्रत्येक टप्प्याची तारीख आणि अधिकाऱ्याचं पदनाम दिसलं पाहिजे, मुदत संपली की न मागता व्याज सुरू झालं पाहिजे, आणि किती दावे किती महिने पडून आहेत याचा तक्ता दरवर्षी संसदेपुढे गेला पाहिजे.

हिशेबनीस

असहमत. भावना बाजूला ठेवून बोलू.

२०२२ मध्ये अग्निपथ (चार वर्षांची भरती) येण्याआधी लागलेला जवान पंधरा वर्षांच्या सेवेनंतर पेन्शनला पात्र होतो आणि साधारण पस्तिशी-चाळिशीत बाहेर पडतो. पुढे तीस-चाळीस वर्षं त्याचं आणि त्याच्यानंतर पत्नीचं निवृत्तिवेतन. दर पाच वर्षांनी फेरनिश्चिती, दर दहा वर्षांनी वेतन आयोग. हा खर्च कमी करता येत नाही, पुढेही ढकलता येत नाही. कात्री लागते ती उरलेल्यावर. २०२४-२५ मध्ये संरक्षण अर्थसंकल्पात पगार-भत्ते ३०.६६ टक्के आणि पेन्शन २२.७० टक्के होती. दारूगोळा, सुटे भाग, इंधन, दुरुस्ती या सगळ्याला मिळून १४.८२ टक्के. उद्या लढायची वेळ आली तर तोफ चालेल की नाही हे त्या १४.८२ वर ठरतं.

हवाई दलाला मंजूर स्क्वॉड्रन (लढाऊ विमानांच्या तुकड्या) ४२. सप्टेंबर २०२५ मध्ये शेवटची मिग-२१ निवृत्त झाल्यावर उरल्या २९. आणि तुम्ही म्हणता, यात व्याजाची भर घाला. अग्निपथ योजना हवेतून आली नाही, ती याच हिशेबातून आली.

बाणेदार

@हिशेबनीस, स्क्वॉड्रनचा दाखला तुमच्यावरच उलटतो.

८३ तेजस मार्क-१ए चा करार फेब्रुवारी २०२१ चा. विमानं २०२४ च्या सुरुवातीपासून यायची होती. अडलं ते एफ-४०४ इंजिनांच्या पुरवठ्यावर आणि चाचण्या-प्रमाणपत्रांवर. नाशिकजवळ ओझरला तिसरी जोडणी-साखळी उभी राहिली, तिथल्या पहिल्या तेजसने १७ ऑक्टोबर २०२५ ला उड्डाणही केलं, पण इंजिनच हाताशी नसेल तर साखळ्या कितीही वाढवा. यात पेन्शनचा एक रुपया आड आलेला नाही.

दुसरं, २०२४-२५ चा भांडवली खर्च १.७२ लाख कोटी धरला होता, सुधारित अंदाजात तो १.५९ लाख कोटींच्या आसपास आला. म्हणजे साडेबारा हजार कोटी त्या वर्षी खर्चच होणार नव्हते. ज्याला दिलेलेच पैसे खर्चता येत नाहीत त्याने म्हाताऱ्यांच्या थकबाकीकडे बोट दाखवू नये.

आणि तो पेन्शनचा आकडा निव्वळ सैनिकांचाही नाही. खडकी, देहूरोड, अंबरनाथ, वरणगाव, भद्रावती अशा आयुध निर्माण्यांमधून आणि खात्याच्या इतर आस्थापनांतून निवृत्त झालेले नागरी कर्मचारी याच शीर्षात येतात. टीव्हीवर सगळं बिल जवानाच्या नावावर फाडलं जातं.

हिशेबनीस

भांडवली खर्च मागे जातो कारण करार वेळेत होत नाहीत, हे मान्य. पण १४.८२ टक्क्यांचं काय? तो महसुली, म्हणजे चालू खर्चाचा भाग आहे. तिथे पैसा कमी पडतोच, आणि पेन्शनही महसुलीच. दोघांची ओढाताण थेट आहे. त्याला तेजस हे उत्तर नाही.

बाणेदार

ओढाताण आहे, पण वाढती नाही. २०२०-२१ मध्ये पेन्शनचा वाटा २८ टक्क्यांच्या आसपास होता, २०२५-२६ मध्ये २३.६ वर आलाय.

हिशेबनीस

छेद मोठा झाला म्हणून टक्का घसरला, रक्कम वाढतेच आहे. आठवा वेतन आयोग लागला की बोलू.

दप्तरी

बजेटवरची कुस्ती चालू द्या, पण दावा प्रत्यक्षात कुठे अडतो हे दोघांनीही लिहिलं नाही. बहुतेक प्रकरणांत पैसा नाही म्हणून अडत नाही, कागद जुळत नाही म्हणून अडतं.

पूर्वी पेन्शन बँकेमार्फत यायची, आता प्रयागराजच्या संरक्षण लेखा प्रधान नियंत्रक (पेन्शन) कार्यालयाच्या 'स्पर्श' प्रणालीतून थेट खात्यात येते. कल्पना चांगली आहे, मधला दलाल गेला. पण जुन्या पेन्शनरांची माहिती बँकांकडून आणि जुन्या पीपीओवरून (पेन्शन मंजुरीचा आदेश) उचलली गेली, त्यात चुका आल्या: हुद्दा, ग्रुप (कामानुसार वेतनगट), अर्हताकारी सेवा (पेन्शनसाठी धरली जाणारी). यातलं एक जरी चुकलं तरी ओआरओपीच्या तक्त्यात माणूस भलत्याच ओळीत बसतो आणि दरमहा काही शे ते काही हजारांचा फरक पडतो. म्हणून लॉगइन केल्यावर आधी पेन्शनची रक्कम पाहू नका. हुद्दा, ग्रुप आणि सेवेची वर्षं-महिने डिस्चार्ज बुकशी ताडून बघा, मगच देय आणि दिलेल्या रकमेचा तक्ता उघडा.

दुसरी अडचण हयातीच्या दाखल्याची. जीवन प्रमाण भरताना वितरण अधिकारी म्हणून सवयीने जुनी बँक निवडली जाते. दाखला तयार होतो, मोबाइलवर संदेशही येतो, पण तो 'स्पर्श'पर्यंत पोचतच नाही. पीपीओ क्रमांकही 'स्पर्श'चा नवा टाकायचा, जुना नाही. एप्रिल २०२२ ची पेन्शन ५८ हजारांहून जास्त लोकांना वेळेवर मिळाली नाही ती याच ओळख पटवण्याच्या घोळात. मे उजाडल्यावर खात्याने एकवार सवलत देऊन पैसे सोडले.

तिसरी आणि सगळ्यात वाईट: विधवेचा दावा. पत्नीचं नाव पीपीओवर नोंदलेलं असेल तर मृत्यूचा दाखला, आधार, पॅन, बँक तपशील एवढ्यावर काम होतं. नसेल तर रेकॉर्ड ऑफिसला (सैनिकाची सेवानोंद ठेवणारं कार्यालय) आधी पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सेवानोंदीत कौटुंबिक बदल नोंदवणारा आदेश, काढावी लागते, त्याशिवाय प्रयागराज हलत नाही. आपल्याकडे नोंद असते 'सुमन', आधारवर 'सुमनबाई', शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आणि जन्मतारीख तिन्हीकडे वेगळी. मग प्रतिज्ञापत्र, सरपंचाचा दाखला, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं शिफारसपत्र, आणि ते सगळं बेळगावला, नाशिक रोडला किंवा खडकीला, ज्याचं त्याचं रेकॉर्ड असेल तिथे. एक कागद राहिला की पूर्ण संच परत. हे काम नवरा जिवंत असताना दोन महिन्यांत होतं. तो गेल्यावर त्याचीच फरफट होते.

आणखी एक. मृत्यू कळवायच्या आधी दोन-तीन महिन्यांची पेन्शन खात्यात येत राहते, घरचे काढतात, पुढे कुटुंब पेन्शनमधून वसुली लागते. मृत्यू कळवणं हे पहिलं काम, तेराव्याची वाट न बघता.

सह्यकडा

@दप्तरी, उत्तम प्रतिसाद. पण मग 'संच परत' या टप्प्यालाच मुदत हवी ना? रेकॉर्ड ऑफिस केंद्राचं, सैनिक कल्याण कार्यालय राज्याचं, प्रयागराज तिसऱ्याच विभागाचं. तिघांच्या वर जबाबदार असा एकच माणूस सापडत नाही.

काळा कोट

अपंगत्व निवृत्तिवेतनाकडे कोणी वळलं नाही. सरकारच्या उत्तरदायित्वाची खरी परीक्षा तिथे आहे.

निवृत्तीच्या वैद्यकीय मंडळाने 'सेवेमुळे नाही आणि सेवेने वाढलेलाही नाही' असा शेरा मारला की दावा संपला असं लोक धरून चालतात. तो संपत नाही. धरमवीर सिंग प्रकरणात २०१३ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेमुळे झाला असं गृहीत धरायचं, आणि तसं नसल्याचं सिद्ध करण्याचा भार सरकारवर. राम अवतार प्रकरणात २०१४ मध्ये ठरलं की पूर्ण मुदतीनंतर निवृत्त झालेल्यांनाही टक्केवारी वरच्या टप्प्याला न्यायची: २० ते ४९ असेल तर ५०, ५० ते ७५ असेल तर ७५, त्यावर १००. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के मिळतात, म्हणजे २० टक्के वाल्याला १५ टक्के.

क्रम असा. मंडळाच्या कार्यवाहीची प्रत माहिती अधिकारात रेकॉर्ड ऑफिसकडून मागवा, फी १० रुपये. नकार मिळाल्यापासून सहा महिन्यांत पहिलं अपील, मग दुसरं, मग सशस्त्र दल न्यायाधिकरण. आपल्याला मुंबईचं पीठ. अर्जात भरतीच्या वेळची वैद्यकीय श्रेणी आणि कुठल्या पोस्टिंगवर आजार पहिल्यांदा नोंदला गेला, या दोन गोष्टी ठळक हव्यात. बहुतेक अर्ज इथेच ढिले असतात.

आता खरी मेख. तरसेम सिंग निकालानुसार (२००८) उशिरा दाद मागितली तर थकबाकी साधारण मागच्या तीन वर्षांचीच मिळते. म्हणजे हक्क माहीत नसलेला जवान जितका उशिरा येईल तितका सरकारचा फायदा. न कळवण्यात बचत आहे, मग कळवेल कोण? मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ मध्ये खटले कमी करण्यासाठी तज्ज्ञ समिती नेमली होती. तिचा रोखही हाच: न्यायालयाने जो मुद्दा आधीच निकाली काढला आहे त्यावर पुन्हा अपिलात जाऊ नका. तरीही अपिलं होत राहिली.

हिशेबनीस

@काळा कोट, यात दुसरी बाजू आहे. कॅगच्या (सरकारी खर्च तपासणारे महालेखापरीक्षक) अहवालातच आलं आहे की अपंगत्व पेन्शन घेऊन निवृत्त होणाऱ्यांचं प्रमाण जवानांपेक्षा अधिकाऱ्यांत दुपटीच्या आसपास आहे, आणि रक्तदाब-मधुमेहासारख्या आजारांचा भरणा मोठा. जवान सियाचीनला, अधिकारी जास्त अपंग, हे पटतं का? म्हणून सप्टेंबर २०२३ चे नवे पात्रता-नियम आले. 'गृहीत धरा' हे तत्त्व सैल वापरलं की तिजोरी आणि खरा जखमी जवान, दोघांचं नुकसान.

काळा कोट

संशय अधिकाऱ्यांवर असेल तर छाननी तिथे करा. प्रत्यक्षात चाळणीत अडकतो तो शिपाई, कारण न्यायाधिकरणापर्यंत जायचं बळ त्याच्याकडे कमी. कॅगच्या आकड्यांचा तुम्ही लावलात तोच अर्थ नाही, जवानांचे दावे जास्त फेटाळले जातात असाही लागू शकतो.

हिशेबनीस

बरं, सह्यकडांच्या व्याजाकडे येतो. व्याज शेवटी तिजोरीतूनच जाणार. दिरंगाई कारकुनाची, भुर्दंड करदात्याला. यात उत्तरदायित्व कुठे आलं?

काळा कोट

नमुने हाताशी आहेत. माहिती अधिकारात उशीर झाला तर दिवसाला २५० रुपये, कमाल २५ हजार, तेही माहिती अधिकाऱ्याच्या खिशातून. महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमात पदनिर्देशित अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० दंड आहे. रेकॉर्ड ऑफिस केंद्राचं असल्याने राज्याचा कायदा तिथे लागत नाही, पण तरतूद उचलायला कोणी अडवलेलं नाही.

दप्तरी

दंड लावलात तर काय होईल सांगतो. मुदत संपायच्या आदल्या दिवशी एक शंका काढून संच परत. घड्याळ पुन्हा शून्यावर. ऑनलाइन तक्रारींचंही हेच होतं: 'संबंधित कार्यालयाकडे पाठवले' लिहून तक्रार निकाली दाखवतात.

सह्यकडा

म्हणून अट अशी हवी: त्रुटी एकदाच कळवायच्या, सगळ्या एकत्र, पहिल्या पंधरा दिवसांत. त्यानंतर निघालेली नवी शंका कार्यालयाने स्वतः सोडवायची, घड्याळ थांबणार नाही. आणि तक्रार बंद करण्याचं बटण पेन्शनरच्या लॉगइनमध्ये, कार्यालयाच्या नाही.

हिशेबनीस

पंधरा दिवसांची अट मान्य. बटण नाही. समाधान न झालेला माणूस ते कधीच दाबणार नाही.

दप्तरी

मग तीस दिवस दाबलं नाही तर प्रकरण वरच्या अधिकाऱ्याकडे आपोआप, आणि तिथे लेखी कारण देऊनच बंद.