स्कूल बोर्डावरच्या बाई स्टेट असेंब्लीला उभ्या राहिल्यात. मदत करावी का?

रानजाई

न्यू जर्सीतल्या मंडळींना विचारते आहे. आमच्या गावच्या स्कूल बोर्डावर दुसऱ्यांदा निवडून आलेल्या एक बाई यंदा, २०२५मध्ये, स्टेट असेंब्लीला, म्हणजे राज्याच्या विधानसभेला, उभ्या आहेत. जूनमध्ये प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायची निवडणूक, आहे. पक्ष कोणता ते इथे लिहीत नाही, नाहीतर सगळी चर्चा तिकडेच जाईल. परवा त्यांचा फोन आला, "तुमच्या घरी वीसेक माणसं जमवाल का? मी तासभर येते." हो म्हणता म्हणता मी थांबले. दोन दिवसांत कळवते म्हटलं.

गेल्या वर्षीच्या बजेटमध्ये आमच्याकडच्या कर्टसी बस बंद झाल्या. इथला नियम असा, की आठवीपर्यंतच्या मुलांचं घर शाळेपासून २ मैलांहून लांब असेल आणि हायस्कूलच्या मुलांचं अडीच मैलांहून, तरच बस देणं बंधनकारक. त्याच्या आतल्यांना मिळते ती डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे गावच्या शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, मर्जीने, आणि पैसे कमी पडले की पहिली कुऱ्हाड तिच्यावर. आमचं घर १.७ मैलांवर आहे. वाटेत एका ठिकाणी फुटपाथ संपतो. तिथून सहावीतली माझी लेक पाठीवर दप्तर आणि हातात व्हायोलिनची पेटी घेऊन गवतातून चालते, आणि शेजारून गाड्या सुसाट जातात.

बोर्डाच्या त्या बजेटच्या मीटिंगला मी बोलले होते. तीन मिनिटं मिळतात, समोर दिवा असतो. हिरव्याचा पिवळा झाला, तेव्हा मी अजून रस्त्याचंच वर्णन करत होते. बाकीचे सदस्य कागदात बघत होते. या बाईंनी मान वर करून विचारलं, "कोणत्या चौकापासून फुटपाथ नाही?" आणि लिहून घेतलं. रात्री पावणेबाराला मतदान झालं, बस गेल्या. सप्टेंबरात शाळा सुरू झाली त्या पहिल्याच आठवड्यात बाई सकाळी सव्वासातला आमच्या दारात हजर, आणि तो पूर्ण रस्ता आमच्याबरोबर चालल्या. पाऊस होता.

आता मला कळत नाही, अशी व्यक्ती बोर्डावर असावी की राज्याच्या राजधानीत, ट्रेंटनला? बोर्डाचं काम बिनपगारी. रात्र रात्र बसून फायली वाचणारं माणूस पुन्हा मिळेल का? की बोर्ड ही त्यांच्यासाठी पायरीच होती? हे ओळखायचं कसं?

गोदाकाठ

ताई, तुमची बस कोणी बंद केली याचं अर्धं उत्तर ट्रेंटनमध्येच आहे. शाळांना स्टेट एड, म्हणजे राज्याची मदत, किती द्यायची, याचं सूत्र २००८च्या कायद्यात आहे. तेव्हा कुणाचं एकदम नुकसान होऊ नये म्हणून काही डिस्ट्रिक्टना सूत्राच्या वरची रक्कम चालू ठेवली होती. २०१८मध्ये एस-२ नावाचा कायदा आला आणि ती वरची रक्कम सात वर्षांत काढून घ्यायचं ठरलं. ज्यांना वर्षानुवर्षं कमी मिळत होतं त्यांना ते पैसे गेले, आणि तो त्यांचा हक्कच होता. पण ज्या गावांत मुलं कमी झाली, तिथली एड दर वर्षी घटत गेली. दुसरीकडे प्रॉपर्टी टॅक्सची वसुली वर्षाला २ टक्क्यांच्या वर वाढवायला २०११पासून मर्यादा आहे. दोन्ही बाजूंनी हात बांधलेले. बोर्डावर बसून ठरवता येतं ते एवढंच, की बस कापायची, लायब्ररियन कापायचा की वर्गात तीस मुलं बसवायची.

असेंब्लीत ८० जण असतात, ४० मतदारसंघांतून प्रत्येकी दोन, मुदत दोन वर्षांची. ३० जूनपर्यंत राज्याचं बजेट याच लोकांच्या मतांनी मंजूर व्हायचं असतं. २०२५मध्ये गव्हर्नरांनी मांडलेल्या बजेटमध्ये कोणत्याही डिस्ट्रिक्टची एड ३ टक्क्यांहून जास्त घटू नये आणि ६ टक्क्यांहून जास्त वाढू नये असं होतं. हे एका वर्षापुरतं झालं, २००८चा कायदा तोच आहे.

बाई घरी आल्या की एकच विचारा. २००८च्या सूत्रात विशेष शिक्षणाची एड आपल्या शाळेत तशी मुलं खरोखर किती आहेत यावर ठरत नव्हती, राज्याची सरासरी धरून ठरायची; २०२५च्या बजेटमध्ये खरी संख्या धरली. ते पुढेही टिकावं म्हणून तुम्ही काय करणार? बोर्डाचं बजेट ज्याने मन लावून वाचलंय त्याला उत्तर देता येईल. ज्याला येणार नाही, तो पायरी चढतोय असं समजा.

आणखी एक. पूर्वी बहुतेक काउंट्यांत पक्षाच्या पसंतीच्या उमेदवारांची नावं मतपत्रिकेवर एका ओळीत छापत. बाहेरच्याला तिथे जागाच नसायची. मार्च २०२४मध्ये फेडरल न्यायाधीशांनी त्याविरुद्ध आदेश दिला, आणि मार्च २०२५मध्ये नव्या मतपत्रिकेच्या कायद्यावर सही झाली. बोर्डावरची बाई उभी राहायचं धाडस करते, त्याला हेही कारण असणार.

सुमेधा

पावसात चालत आल्या हे मलाही भावलं. पण मत काय दिलं? ते तुम्ही लिहिलेलंच नाही. मीटिंगचे मिनिट्स, म्हणजे कामकाजाची नोंद, वेबसाइटवर असतात. बजेटला मत, सुपरिंटेंडेंटच्या कराराला मत, किती मीटिंगांना गैरहजर, सगळं बघा. आमच्या गावात एका सदस्याने वरच्या निवडणुकीचा प्रचार सुरू केला आणि बोर्डाच्या मीटिंगांना येणंच बंद केलं. शाळेच्या छपराचं कंत्राट चार महिने लटकलं, आणि माझ्या मुलाच्या वर्गात बादल्या ठेवल्या होत्या. तो राग माझा अजून गेलेला नाही.

देणग्यांचे रिपोर्टही काढून वाचा, ते सगळ्यांना बघता येतात. डिस्ट्रिक्टची कामं घेणारे लोकच देणगीदार असतील तर थेट विचारा.

पायरी असणं मात्र मला वाईट वाटत नाही. आपले बेळगावकडचे श्री ठाणेदार २०२०मध्ये मिशिगन राज्याच्या हाउसमध्ये, म्हणजे तिथल्या विधानसभेत, निवडून आले आणि २०२२मध्ये काँग्रेसमध्ये. खालच्या पायरीवर काम काय केलं ते महत्त्वाचं.

परिमळ

मी एच-१बीवर, म्हणजे कामाच्या व्हिसावर, आहे, दोन मुलं इथल्या शाळेत. मत नाही, मग आमच्यासारख्यांनी अशा कार्यक्रमाला जावं का? भीती वाटते.

गोदाकाठ

परिमळ, जरूर जा, ऐका, प्रश्न विचारा. बिनमोबदला मदतही करता येते. देणगी मात्र अजिबात देऊ नका, दहा डॉलरचीसुद्धा. ग्रीन कार्डवाल्यांना देणगी देता येते, व्हिसावरच्यांना नाही, आणि हा नियम गावापासून काँग्रेसपर्यंत सगळ्या निवडणुकांना लागू आहे. मतदार नोंदणीचा फॉर्म कुणी पुढे केला तर सही करू नका. शाळेच्या बोर्डापुढे बोलायला मात्र नागरिकत्व लागत नाही. तुमची मुलं तिथे शिकतात, तेवढं पुरे.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. सुमेधा, काल रात्री एक वाजेपर्यंत मिनिट्स वाचले. बजेटला त्यांचं मत "हो" होतं. वाचून पोटात गलबललं. मग दोन पानं मागे गेले. फुटपाथ नसलेले तीन मार्ग चालू ठेवावेत अशी दुरुस्ती त्यांनीच मांडली होती. तीन विरुद्ध सहा मतांनी ती पडली. त्या तिनांत आमचा रस्ता होता, चौकाच्या नावासकट.

सकाळी फोन करून विचारलं, दुरुस्ती पडल्यावर बजेटला हो का म्हटलंत? म्हणाल्या, "त्याच बजेटमध्ये वाचन शिकवणाऱ्या चार शिक्षिका वाचत होत्या. त्या सोडवेनात." हे मला पूर्ण पटलं असं नाही. पण विचारल्या विचारल्या उत्तर दिलं, उडवाउडवी केली नाही.

रविवारी चार वाजता बोलावलंय. देणगीचं पाकीट फिरवायचं नाही आणि निम्मा वेळ प्रश्नांना द्यायचा, हे आधीच कबूल करून घेतलं. परिमळ, तुम्ही जवळपास असाल तर मुलांना घेऊन या. गोदाकाठ दादा, विशेष शिक्षणाचा प्रश्न मी कागदावर उतरवून ठेवलाय, पहिला तोच. दुसरा लेकीचा आहे. तो रस्ता काउंटीचा आहे म्हणे, मग फुटपाथ कुणाकडे मागायचा?