वीर्याचा रंग विटकरी झालाय. प्रोस्टेटची काळजी वाटते

बागायतदार_तासगाव

वय ५३. द्राक्षबाग आहे. गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट आहे, तेव्हापासून इकोस्प्रिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करायच्या गोळ्या रोज चालू. बीपीची गोळी आहे, पण ऑक्टोबर छाटणीच्या गडबडीत कधी घेतली, कधी राहिली असं झालं.

आता मुद्द्याचं. वीर्य पहिल्यांदा लालसर आलं. पुढच्या वेळी विटेचा भुगा पाण्यात कालवावा तसा रंग आणि त्यात काळपट बारीक गाठी. दुखत काहीच नाही. ताप नाही, लघवी स्वच्छ आहे, फक्त रात्री दोनदा उठावं लागतं आणि धार पूर्वीसारखी राहिली नाही.

माझ्या वडिलांना प्रोस्टेटचा, म्हणजे मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा, कॅन्सर होता. कळला तेव्हा तो मणक्यात उतरला होता. शेवटचे दिवस त्यांना कूस बदलता येत नव्हती, मीच बदलून द्यायचो. त्यामुळे हा रंग बघितल्यापासून माझं कशात लक्ष लागत नाही. गावात एकाला विचारलं तर तो म्हणाला "धातू जळतीय, गरम खाणं बंद कर" आणि एका पुडीवाल्याचा पत्ता दिला. तिकडे गेलो नाही.

हा कॅन्सरच असेल का? रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद करू का? पत्नीला यातून काही होईल का? आणि आधी कुठली तपासणी करू? पीएसए, म्हणजे प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी, उद्याच करून टाकावी असं मनात आहे.

डॉक्टर_कोल्हापूर

दादा, सर्वात आधी: गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. स्टेंट बसवलेला असताना या दोन गोळ्या अचानक थांबवल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते आणि ते जिवावर बेतणारं असतं. वीर्यातलं रक्त तेवढं तातडीचं नाही. गोळ्यांचं काय करायचं ते तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांनाच ठरवू द्या.

वीर्याचा मोठा भाग, साधारण दोन तृतीयांश, मूत्राशयाच्या मागच्या दोन पिशव्यांमधून येतो आणि बाकीचा बहुतेक प्रोस्टेटमधून. शुक्राणूंचा वाटा अगदी थोडा. या भागातल्या बारीक रक्तवाहिनीतून थोडं रक्त झिरपलं की ते पिशवीत साठतं. ताजं असेल तर लाल, जुनं झालं की विटकरी, तपकिरी. म्हणून रक्त थांबल्यावरही पुढची काही वेळा रंग दिसत राहतो. तुमच्या काळपट गाठी म्हणजे बहुधा तेच जुनं रक्त.

कारणं बहुतेक वेळा साधीच निघतात: प्रोस्टेटची सूज किंवा जंतुसंसर्ग, वाढलेलं बीपी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. आपल्याकडे जननमार्गाचा टीबीही लक्षात ठेवावा लागतो. वीर्यात रक्त दिसलेल्यांपैकी फार थोड्यांत कॅन्सर निघतो. पण वय चाळिशीपुढचं आहे आणि वडिलांना हा आजार होता, म्हणजे तुमची जोखीम इतरांपेक्षा जास्त. म्हणून तपासणी टाळायची नाही. युरोलॉजिस्टला, म्हणजे मूत्रमार्गाच्या डॉक्टरांना, दाखवा. ते गुदद्वारातून बोटाने प्रोस्टेट तपासतील, त्याला मिनिटही लागत नाही. पुरुष त्याच भीतीने जात नाहीत याचं मला फार वाईट वाटतं, कारण कडक गाठ बोटाला लागते. आज बीपी मोजून घ्या आणि गोळी चुकवू नका.

थंडी वाजून ताप आला, लघवी अडली किंवा लघवीतही रक्त दिसू लागलं तर थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मिरजेचा_लॅबवाला

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आयुष्य काढलं, आता निवृत्त आहे. भाऊ, पीएसए उद्याच करू नका. आधी लघवीची रुटीन तपासणी आणि कल्चर (लघवीत जंतू वाढतात का ते बघणारी तपासणी) करून घ्या. संसर्ग असेल तर पीएसए उगाच वर जातो, आणि तो आकडा बघून घरात रडारड झालेली मी समोर बघितली आहे. संसर्ग निघाला तर औषध पूर्ण झाल्यावर साधारण सहा आठवडे थांबायचं आणि मग रक्त द्यायचं.

संसर्ग नसला तरी रक्त देण्याआधी दोन दिवस वीर्यपतन नको, लांबवर सायकल चालवणं नको. केस गळतीसाठी किंवा प्रोस्टेटसाठी फिनास्टराइड घेत असाल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. ती काही महिने घेतली की पीएसए निम्म्यावर येतो, कागदावर सगळं ठीक दिसतं आणि आजार आत राहू शकतो. साधारण ४ च्या खाली ठीक धरतात. पण वर गेला म्हणजे कॅन्सर आणि खाली आहे म्हणजे सुटलो, असं दोन्ही नाही. दरवर्षी एकाच लॅबमध्ये करा आणि कागद जपून ठेवा. आकडा वर्षागणिक कसा सरकतो ते डॉक्टरांना बघायचं असतं.

कल्चरसाठी जागा धुऊन, पहिली धार सोडून मधली धार निर्जंतुक डबीत घ्यायची. झाकणाच्या आत बोट लावू नका.

अजून एक. एकदा निरोध वापरून रंग बघा. रक्त तुमचं की वहिनींचं, हे तिथेच कळतं. वहिनींचं निघालं तर त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्यावं लागेल.

औषधवाला_सातारा

फक्त रंगाबद्दल. टीबीच्या रिफाम्पिसिनने लघवी, घाम, डोळ्यातलं पाणी नारिंगी होतं, वीर्यही होतं. ते रक्त नव्हे, त्याला घाबरून कोर्स सोडायचा नाही. फिकट पिवळेपणा वयाने किंवा बरेच दिवस खंड पडल्यानेही येतो. हिरवट-पिवळं आणि दुर्गंधी असेल तर मात्र पू असू शकतो, दाखवा. पुडीवाल्याकडे गेला नाहीत हे फार बरं झालं. त्या पुड्यांत काय आहे ते कुणी लिहून देत नाही, आणि तुम्ही हृदयाची औषधं घेताय.

सुमन_इस्लामपूर

दादा, वहिनींना सांगितलंय का? आमच्या ह्यांनी असंच लपवलं होतं आणि मी भलताच संशय घेऊन बसले होते. संसर्ग नाही हे कळेपर्यंत निरोध वापरा आणि डॉक्टरकडे जाताना त्यांना सोबत न्या. रात्री किती वेळा उठता, धार कशी झाली, हे तुमच्यापेक्षा त्या जास्त नीट सांगतील.

बागायतदार_तासगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, हिला त्याच रात्री सांगितलं आणि मिरजेला सोबत घेऊन गेलो.

बीपी १७०/१०० निघालं. लघवीत संसर्ग नाही. निरोधात रंग तोच दिसला, म्हणजे रक्त माझंच. बोटाची तपासणी झाली, गाठ लागली नाही. सोनोग्राफीत प्रोस्टेट ३८ ग्रॅम, थोडी वाढलेली, रात्री उठणं त्याचंच म्हणाले. दोन दिवस पथ्य पाळून पीएसए केली, २.१ आली. हृदयाच्या डॉक्टरांनी बीपीचं औषध बदललं, इकोस्प्रिन आणि क्लोपिडोग्रेल आहेत तशाच ठेवल्या. रंग आता फिकट तपकिरी आहे. पुन्हा लाल झाला किंवा असाच रेंगाळला तर एमआरआय करू म्हणाले. पीएसए मात्र दरवर्षी करायची.

धाकटा भाऊ ४७ चा आहे, त्याला काहीच त्रास नाही. वडिलांमुळे त्यानेही करावी का? आणि त्याला उपाशीपोटी न्यायचं का?

मिरजेचा_लॅबवाला

हो, करावी. वडिलांना होता म्हटल्यावर त्रासाची वाट बघत बसायचं नाही, पंचेचाळिशीनंतर डॉक्टरांशी बोलून सुरुवात करावी. पीएसएला उपाशी राहावं लागत नाही, नाश्ता करून गेला तरी चालेल. दोन दिवसांचं पथ्य तेवढं त्यालाही सांगा.