बारावी आर्ट्स झालीये, नर्सिंगला जाता येईल का?

परभणीकर_दादा:
नमस्कार, बहिणीसाठी विचारतोय. यंदा बारावी आर्ट्स, 56 टक्के. नर्सच व्हायचंय म्हणते, आजी अंथरुणाला खिळली होती तेव्हा सगळं हिनेच केलं. जवळच्या एका संस्थेत चौकशी केली तर म्हणे एक वर्षाचा नर्सिंग कोर्स, 45 हजार फी आणि नोकरीची गॅरंटी. वडील म्हणतात उद्याच भरून टाकू. मला काहीतरी खटकतंय पण नेमकं काय ते कळेना. आईचं वेगळंच, नाइट ड्युटी असते, लग्नाला अडचण येते वगैरे.

वॉर्ड_नं_सात:
दादा थांबा, पैसे भरू नका!! 14 वर्षं स्टाफ नर्स आहे मी. एक वर्षात नर्स होतच नाही. एएनएम (सहायक नर्स आणि दाईचा कोर्स) 2 वर्षं, जीएनएम (जनरल नर्सिंगचा डिप्लोमा) 3 वर्षं, बीएस्सी नर्सिंग 4 वर्षं, आणि त्यानंतर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन. ते रजिस्ट्रेशन नसेल तर अंगावर पांढरा ड्रेस असला तरी कागदावर तुम्ही नर्स नाही. बीएस्सीला फिजिक्स केमिस्ट्री बायोलॉजी लागतं, सीईटी पण द्यावी लागते, त्यामुळे तो रस्ता तिला बंद. पण जीएनएमला आर्ट्सवाले चालतात, बारावीला इंग्रजी आणि 40 टक्के हवेत, सायन्सवाल्यांना प्राधान्य असतं एवढंच. आधी सरकारी कॉलेजला ट्राय करा, फी कमी असते. प्रवेशाचे नियम बदलत राहतात म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा, एजंटचं ऐकू नका. जीएनएम झाल्यावर 2 वर्षांचं पोस्ट बेसिक केलं की बीएस्सीची डिग्री पण मिळते.

चुकलेली_वाट:
मी तसलाच कोर्स केलाय म्हणून लिहिते. एका छोट्या हॉस्पिटलात लागले, सलाईन लावायचे, इंजेक्शन द्यायचे, सगळे सिस्टर सिस्टर म्हणायचे, छान वाटायचं. पगार 7 हजार. चार वर्षांनी मोठ्या हॉस्पिटलात इंटरव्ह्यूला गेले तर पहिलाच प्रश्न, रजिस्ट्रेशन नंबर काय? सर्टिफिकेट दाखवलं तर मॅडम म्हणाल्या बाळा हे अटेंडंटचं आहे. रिक्षात बसून रडले. मग 23 व्या वर्षी एएनएमला बसले, वर्गात सगळ्या माझ्याहून लहान.

ब्रदर_नाइटवाला:
वरच्या दोघींशी सहमत, पण गुलाबी चित्र नको म्हणून सांगतो. जीएनएम झाल्यावर पण प्रायव्हेटमध्ये सुरुवातीचा पगार कमीच असतो. 2016 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने 50 पेक्षा कमी बेडच्या खाजगी हॉस्पिटलातही नर्सला 20 हजाराच्या खाली पगार नको असं सुचवलं होतं, पण सुचवणं वेगळं आणि हातात पडणं वेगळं. माझ्या पहिल्या हॉस्पिटलने ओरिजिनल कागद ठेवून घेतले होते, सोडताना सहा महिने चकरा मारल्या. तिला सांग, कुठेही लागली तरी कागद झेरॉक्सच द्यायचे. आणि पहिली नोकरी शक्यतो किमान 50 बेडच्या हॉस्पिटलात कर म्हणावं, कारण एम्सच्या नॉरसेट परीक्षेला (नर्सिंग ऑफिसरच्या सरकारी भरतीची परीक्षा) जीएनएमवाल्यांकडून तसल्या हॉस्पिटलातला 2 वर्षांचा अनुभव मागतात. बीएस्सीवाल्यांना ती अट नाही.

परभणीकर_दादा:
खूप आभार सगळ्यांचे. आईला काय सांगू?

वॉर्ड_नं_सात:
नाइट आहेच, खोटं कशाला बोलू. आमच्याकडे रात्री 8 ते सकाळी 8, त्यात पण हँडओव्हर संपेपर्यंत निघता येत नाही. सणावाराला घरचे जेवतात आणि आपण कुणाचं तरी बीपी बघतो. पण माझं लग्न झालं, दोन पोरं आहेत, घराचा हप्ता माझ्या पगारातून जातो. आईंना म्हणावं एकदा सरकारी दवाखान्यात जाऊन सिस्टर लोकांशी बोला. चहाच्या वेळेला जा, सकाळच्या राउंडला नको, ओरडतील 😄

परभणीकर_दादा:
अपडेट. संस्थेत फोन करून विचारलं, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन होतं का? म्हणाले त्याची गरजच नाही, आमचं सर्टिफिकेट भारतभर चालतं. मी म्हटलं मग तसं लिहून द्या. तर म्हणे तुम्ही समक्ष या, फीमध्ये 10 हजार कमी करतो. वडील शेजारीच होते, फोन स्पीकरवर होता. आता तेच जीएनएमची कागदपत्रं काढायला तहसीलला गेलेत.