सल्ला हवा: स्लॅबमध्ये मातीची कौलं घालावीत का? (तासगाव, जि. सांगली)

द्राक्षबाग:
शेतात तीन खोल्यांचं घर बांधतोय. आर्किटेक्ट कौलं घालून फिलर स्लॅब करू म्हणतात, पश्चिमेच्या भिंतीला टेराकोटा (भाजक्या मातीची) जाळी. गवंडी म्हणतो, "स्लॅबात कुठं माती घालत्यात व्हय?" एप्रिल-मेमध्ये इकडं छत कसं तापतं ते सांगायला नको. कोणी केलंय का?

सळईवाला:
पाव्हणं, गवंड्याचं ऐकू नका. स्लॅबच्या वरच्या अंगाला दाब असतो, खालच्या अंगाला ताण. ताण सळई घेते. तिथलं काँक्रीट नुसतं भरणीचं. त्या जागी सळयांच्या चौकटीत कौलं बसतात. आर्किटेक्ट लॉरी बेकर यांनी केरळात अशी कितीतरी घरं बांधली. दोन मंगलोरी कौलं एकावर एक ठेवली की मधे हवेची पोकळी राहते, उष्णता कमी उतरते. काँक्रीट वाचतं ते वेगळंच.
कौलं आदल्या रात्री भिजत घाला, नाहीतर काँक्रीटचं पाणी ओढून घेतात. बीमच्या कडेला कौल नको. गॅलरीच्या स्लॅबात तर अजिबात नको, तिथं ताण वरच्या अंगाला असतो. पंख्याचे हुक, लाईटचे पाईप आधीच ठरवा. मागनं ड्रिल मारलं की कौल फुटलंच म्हणून समजा.

जावळीकर:
जाळीचं माझ्याकडनं ऐका. आमच्याकडं पश्चिमेचीच झड आत येते, पावसाळाभर पोतं बांधून बसतो. तासगावात एवढा पाऊस नाही म्हणा, पण वर छज्जा चांगला पुढं काढा आणि आतनं मच्छरजाळी लावा. गांधीलमाश्यांना ती भोकं फार आवडतात.

कृष्णाकाठ:
नवी कौलं कशाला? जुनी घरं पाडतात तिथं उतरवलेली मिळतात. मंगळुरात बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेच्या लोकांनी 1865 मध्ये कारखाना काढला, तिथनं हे कौल पसरलं. टिचकी मारा: खणखणीत वाजलं तर घ्या, बद्द आवाज आला तर बाजूला. शेवाळ तारेच्या ब्रशनं काढा, नाहीतर काँक्रीट धरत नाही.

द्राक्षबाग:
@सळईवाला, म्हणजे उन्हाळ्याचा प्रश्न मिटला?

सळईवाला:
एकट्या कौलानं नाही. वरनं पांढरा रंग द्यायचाच.

द्राक्षबाग:
बरं. गवंड्याला आधी पंपाच्या खोलीवर असा स्लॅब टाकायला लावतो. तो टिकला की घराचं बघू.